घाम न आलेले विजेते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय ईश्वरप्पा निटुरे साहेब, नांदेडहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, गोदा-मांजरा युवक क्रीडा मंडळाचे सर्व पदाधिकारी, शाळेतून आणि मंडळाच्या सचिवपदावरून आज एकाच दिवशी निवृत्त होणारे सत्कारमूर्ती साहेबराव टाकळगावकर सर, सरांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, समोरचे शिक्षक, पालक, आजी-माजी खेळाडू, आणि मागं पंख्याखाली जागा धरून बसलेली हुशार मंडळी, सगळ्यांना शिवकांता उस्तुरगेचा नमस्कार.

माझं नाव तुम्हाला माहीत असेल, चेहरा नसेल. सोळा वर्षं या चेहऱ्यापुढे कॅमेरा आहे. लातूरला गंजगोलाईच्या मागं आमचा एका शटरचा स्टुडिओ. लग्नाचं काम आता ड्रोनवाल्यांनी नेलं, मी पोरांच्या खेळाचे फोटो काढते. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, उड्या. लातूरचं मैदान असो की नांदेडचं, मैदान आखायच्या फक्कीची पांढरी धूळ खात गुडघ्यावर बसायचं आणि पोरगं उडालं की बोट दाबायचं. ते पोरगं आयुष्यात पुन्हा तेवढं उंच उडेलच असं नाही. म्हणून मला हा धंदा आवडतो, आणि म्हणूनच आज मी इथं इतकी चिडून उभी आहे.

मंडळाचा फोन आला होता. "ताई, सोळा वर्षांचे फोटो तुमच्याकडंच हायत. एक अल्बम करा, तुमच्याच हातानं सरांना द्या, आन दोन शब्द बोला. जरा गोड बोला." मी म्हटलं, शब्दांचं बघते. गोडाची खात्री देत नाही.

तरी आधी गोड बोलते. सर वेळेचे पक्के. सरांच्या स्पर्धेत मांडव कधी पडला नाही, पाणी कधी संपलं नाही, पाहुण्याला कधी ताटकळत बसावं लागलं नाही. पाहुणा म्हणजे सरांचा जीव की प्राण. पाहुण्याला अकराला यायचं असलं तर साडेदहाला रांगोळी, आणि पाहुण्याला साडेअकराला जायचं असलं तर सव्वाअकराला बक्षीस समारंभ. आता तुम्ही विचाराल, शर्यत दीड वाजता आहे, मग सव्वाअकराला बक्षीस कुणाला? हा प्रश्न सोळा वर्षांत कुणी विचारला नाही. मीसुद्धा नाही.

पद्धत अशी होती. पाहुणे निघायच्या आधी सर तीन पोरं बोलवायचे. ज्यांचा गणवेश बरा आहे, ज्यांच्याकडून आशा आहे अशी. त्यांना पायऱ्यांवर उभं करायचं, पाहुण्यांच्या हातून मेडल घालायचं, मी फोटो काढायचा. पाहुणे गेले की मेडल काढून टेबलावर. मग शर्यत. मग जो खरा पहिला येईल त्याला टेबलावरून मेडल, ना टाळी ना पायरी. फोटो मात्र सव्वाअकराचाच पेपरात जायचा, कारण पेपरवाल्यांना दोनच्या आत पाहिजे. घरी जाऊन जुनी कात्रणं काढून बघा. आमच्या एकाही विजेत्याच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. केस विंचरलेले, बूट पांढरे. तीन हजार मीटर धावून आलेल्या पोरी अशा दिसतात का? शेवटची रेष ओलांडल्यावर पोरी कशा दिसतात ते मला विचारा. ओठ पांढरे पडलेले असतात आणि दोन्ही हात गुडघ्यांवर असतात.

सर, चहा घ्या, गार होतोय. तुमची तारीफच चालली आहे.

आता २०१९ सालाकडे येते. त्या नोव्हेंबरात ज्युनिअर राज्य स्पर्धेचं यजमानपद आपल्या मंडळाला मिळालं. मोठा मान होता. नांदेडच्या मैदानावर कोल्हापूरची, नाशिकची पोरं आली होती. मुलींची तीन हजार मीटर दुपारी दीडला होती. सव्वाअकराला सरांनी हाक मारली, "मंजुश्रीला उभी करा, हीच येणार हाय पहिली." मंजुश्री खानापुरे, उदगीरची, सरांच्याच हाताखाली सराव करायची. पोरगी लाजत होती. "सर, अजून पळायचंय की," म्हणाली. सर म्हणाले, "पळशील की. आधी हस." आणि मी, कॅमेऱ्यामागून, तिला म्हटलं, "थोडं हस गं बाई, पाहुणे खोळंबलेत." पाहुण्यांचं नाव घेत नाही. त्यांना बिचाऱ्यांना आजही ठाऊक नाही की त्यांनी कुणाला काय दिलं.

फोटोखाली छापायची नावं सरांनी सांगितली, आणि ती मी माझ्या हातानं लिहून दिली. प्रथम, मंजुश्री खानापुरे. हे मी लपवत नाही. अक्षर माझं आहे.

दीडला शर्यत झाली. शेवटच्या फेरीत मुदखेडकडची एक सडपातळ पोरगी पाचव्या नंबरवरून सुटली. दामिनी पवळे तिचं नाव, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त छातीवरचा नंबर दिसत होता, एका कोपऱ्याची पिन निघून फडफडत होता. चारशे मीटरमध्ये तिनं एकेक करून चौघींना मागं टाकलं. मी रेषेच्या पुढं दोन पावलांवर बसले होते. तिची छाती दोरीला लागली तेव्हा मागची पोरगी पंधरा पावलं दूर होती. तो फोटो माझ्याकडे आहे. सोळा वर्षांत मी काढलेल्या फोटोंतला सगळ्यात चांगला तोच, आणि तो कुठंच छापला गेला नाही.

मंजुश्री चौथी आली. घाईत तिच्याकडंच राहिलेलं मेडल ती द्यायला टेबलाकडं गेली, तर सर म्हणाले, "सध्या ठेव." पोरगी मेडल घेऊन गाडीत बसली. दामिनीला सांगण्यात आलं, तुझं मेडल मागून पाठवतो. ते मागून कधी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सव्वाअकराचा फोटो आला, खाली माझ्या अक्षरातली नावं छापून. संध्याकाळी मी सरांकडं गेले. म्हटलं, सर, पहिली ती मुदखेडची आली हो, सगळ्यांनी बघितलं. सर म्हणाले, आणि हे वाक्य मी विसरलेले नाही, "ताई, कात्रण अहवालाला जोडलंय. आता काय पेपर खोटा पाडायचा?"

म्हणजे बघा मंडळी. फोटो शर्यतीच्या आधी काढला, पेपरानं फोटोवरून छापलं, आणि मंडळानं पेपरावरून निकाल लिहिला. धावली कोण, हे कुणाला विचारायची गरजच पडली नाही. दामिनीच्या नावावर आलं ते सहभागाचं प्रमाणपत्र. आणि मी काय केलं? घरी आले, पुढच्या आठवड्यात खो-खोचं काम होतं, ते केलं. मला त्या दिवशी राग आला होता, पण शाळांचं काम सुटेल ही भीती जास्त होती. चोराच्या वाटा चोराला माहीत म्हणतात. मला या वाटा माहीत आहेत, कारण मी सरांच्या मागून त्याच वाटेनं चालत होते.

ही चिठ्ठी आली. "आटोपतं घ्या." निटुरे साहेब, तुमच्या वयाचा मान राखून सांगते, पाच मिनिटं लागतील. सहा वर्षं गेलीत त्यापुढं पाच मिनिटं काही जास्त नाहीत.

यंदा मार्चमध्ये दामिनी स्टुडिओत आली. चेहऱ्यावरून मी ओळखलंच नाही. तिनं पाठ केली आणि बाकाकडं चालत गेली, तेव्हा ओळखलं, कारण तिची चाल मी लेन्समधून पाहिली होती. पोलीस भरतीत उतरली आहे. मैदानी झाली, लेखी झाली. खेळाडूंच्या राखीव जागेसाठी तिला त्या शर्यतीचं प्रमाणपत्र दाखवायचं आहे, आणि मंडळाच्या कागदात ती पहिली नाही, दुसरी नाही, कुठंच नाही. मला म्हणाली, "मावशी, मी पहिली आलते का न्हाई? आता मलाच वाटायलंय, सपान पडलं होतं का काय." तेवीस वर्षांची पोरगी स्वतःच्या पायांवर संशय घेत होती. मी कॉम्प्युटर उघडून तिला तो फोटो दाखवला. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात वेळ लिहून ठेवतो. तिचा एक वाजून बेचाळीस मिनिटांचा. मेडलचा अकरा वाजून अठरा मिनिटांचा. ती रडली नाही. "मग हे सरांना दाखवा की," एवढंच म्हणाली.

दाखवलं. आम्ही दोघी सरांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे दिले, चांगले होते. सर म्हणाले, "माझे दोन महिने राहिले. जुनं कशाला उकरता? पुढचे सचिव बघतील." आम्ही होणाऱ्या सचिवांकडं गेलो. ते इथं बसले आहेत, त्यांची चूक नाही. ते म्हणाले, "त्या काळची नोंद त्या काळच्या सचिवांनीच दुरुस्त करावी, मी कशाच्या जोरावर करू?" पुन्हा सरांना फोन केले. एप्रिलभर केले. सर, तुमच्या फोनला गाणं फार छान लावलंय, मला आता पाठ झालं आहे.

सर, तुम्ही वाईट माणूस आहात असं म्हणून मी सुटले असते तर बरं झालं असतं. पण गावागावांतून जीपनं पोरं गोळा करून आणताना मी तुम्हाला पाहिलंय. कंधारच्या एका पोराचा हात मोडला तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसलेले तुम्हीच होतात. मग एका सहीला तुम्ही एवढं का घाबरता? मी सांगते. ही एक नोंद चुकली असं लिहून दिलं, तर लोक बाकीचे फोटो काढून घाम शोधायला लागतील. तुमच्या सोळा वर्षांची लाज वाचवायला तुम्ही एका पोरीची नोकरी घालवायला निघालात. याला मी दुसरा सभ्य शब्द शोधला, सापडला नाही.

भीती माझीही तीच आहे म्हणा, पण मी प्रतिज्ञापत्र केलं आहे. त्यात लिहिलं आहे की मंडळाच्या स्पर्धांतले बक्षिसाचे फोटो मी शर्यतीच्या आधी काढत होते, आणि २०१९ चा तो फोटो व त्याखालची नावं खोटी आहेत. खाली माझी सही आहे. जूनपासून मला कोण काम देणार, ते बघू. दोन शाळांनी कालच कळवलं की या वर्षी आमचे फोटो मोबाईलवर काढू. मोबाईल चांगले असतात आजकाल.

दुसरी सही मंजुश्रीची आहे, तिच्या स्वतःच्या लेखी जबाबाखाली. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. उठू नकोस गं, बस. तिला मी फोन केला तेव्हा मला वाटलं, ही ठेवून देईल. ती म्हणाली, "आंटी, मी चौथी आले होते हो. ते मेडल घरात दिसलं की मी कपाट बंद करते." मागच्या आठवड्यात बसनं मुदखेडला जाऊन तिनं ते दामिनीच्या हातात दिलं. सतरा वर्षांच्या पोरीला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर तिनं एका मिनिटात उत्तर दिलं.

तिसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. मंडळाचं पत्र चार ओळींचं आहे, सर, मी टाईप करूनच आणलं आहे, म्हणजे तुम्हाला तसदी नको. प्रथम क्रमांक दामिनी पवळे हिचा असून अहवालातील नोंद चुकीची आहे, एवढंच. अल्बमच्या शेवटच्या पानात ते ठेवलं आहे, दोन्ही फोटोंच्या मधे. मंडळाचा शिक्का समोरच्या ताटात आहे, नारळाशेजारी. माझ्या भाषणानंतर तो नव्या सचिवांच्या हाती द्यायचा आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. म्हणजे त्या शिक्क्यावर तुमचा हक्क माझं भाषण संपेपर्यंतच आहे. गुरुवारी दामिनीची कागदपत्रं तपासणार आहेत. उद्या तुम्ही कितीही चांगल्या मनानं सही केली, तरी ती एका निवृत्त माणसाची सही असेल.

दामिनी आज इथं नाही. मी बोलावलं होतं. म्हणाली, "मला त्यांच्याकडं बघायचं न्हाई, मावशी. कागद आणा फकस्त." तिची बाजू मांडायला मी योग्य माणूस नाही, हे मला कळतं. पण तिच्या शर्यतीच्या वेळी त्या रेषेवर सगळ्यात जवळ मीच होते.

मला बोलायची संधी दिली याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. संधी देताना त्यांना अंदाज नव्हता, म्हणून आणखीच आभारी आहे. वहिनी, तुमच्या घरचा हा दिवस मी कडू केला, त्याची मला खरंच खंत आहे, तुमची हात जोडून क्षमा मागते. पाहुण्यांचीही मागते. बोलण्याच्या भरात कुणाला एखादा शब्द लागला असेल तर त्या शब्दाला माफ करा. मी काढलेल्या त्या फोटोला करू नका.

सर, हा अल्बम. शेवटचं पान उघडूनच ठेवते.

काय म्हणालात? ऐकू आलं नाही, जरा मोठ्यानं. माईक बंद करू?

करते. सही करायला माईक लागत नाही.