चूक दाखवायची नाही

(नंदा मावशी, बुवापाडा, अंबरनाथ. मॉन्टेसरी शाळेत मदतनीस. त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं आहे.)

माझं माहेर वांगणीच्या आत, स्टेशनपासून पाऊण तास चालत. आता तिकडे शनिवार-रविवार लोकं गाड्या घेऊन येतात फार्महाऊसवर, तेव्हा नुसती भातशेती होती आणि आम्ही पाच भावंडं. गावात शाळा सातवीपर्यंत. सातवीला मी वर्गात दुसरी आलेली, खोटं नाय सांगत, गुरुजी स्वतः घरी आले बाबांना सांगायला, पोरीला हायस्कूलला घाला, डोकं आहे तिला. बाबा बोलले, गुरुजी, हायस्कूल वांगणीला, पोर जाणार कशी, येणार कशी, आणि लावणीला माणूस कुठून आणू? गुरुजींनी चहा पिला आणि गेले. आठ दिवसांनी मी भातलावणीच्या आवणात, गुडघाभर चिखलात, आणि बांधावरनं शेजारचा पोरगा दप्तर घेऊन चाललाय, जो माझ्या वहीत बघून गणितं करायचा. काय सांगू तुम्हाला. तुम्ही दहावी झालेली माणसं, तुम्हाला ते नाय कळायचं.

लग्न करून बुवापाड्यात आली. हे एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कंपनीत, माणूस चांगला, बोलणं कमी. सायली झाली, तीन वर्षांची झाली, आणि कंपनीने माणसं कमी केली, त्यात हे पण. मग मी काम शोधायला निघाली. अंबरनाथ पूर्वेला एका जुन्या बंगल्यात खालच्या दोन खोल्यांत शाळा निघालेली, पाटी पण नव्हती, नुसती बाहेर पोरांच्या चपलांची रांग, सगळ्या सरळ, एक उलटी नाय. मला वाटलं मारत असतील पोरांना. आत गेली तर तीस पोरं आणि आवाज नाय. एक पोरगी वाट्या धुतेय, एक पोरगा चटईवर बसून चणे ओततोय, या भांड्यातनं त्या भांड्यात, आणि अनघाताई कोपऱ्यात बसक्या स्टुलावर, हात मांडीवर. शाळा त्यांचीच. बोलल्या, झाडलोट कर, मुलांना बाथरूमला ने, बाकी बघत राहा, आणि तुझी मुलगी पण आण. सायलीची फी कधी घेतली नाय त्यांनी. ते मी नाकारणार नाय, मीठ खाल्लंय.

पहिल्याच आठवड्यात एका पोराकडनं पाण्याचा जग सांडला. मी फडकं घेऊन धावली, तर ताईंनी माझा हात धरला. नंदा, थांब. त्याचं त्याला दिसू दे. आणि खरंच, पोराने पाण्याकडे बघितलं, गेला, खुंटीवरचं लहान फडकं काढलं, पुसलं. मला कसंतरीच झालं. आमच्या घरी सांडलं की पहिले पाठीत धपाटा बसायचा. मग ताईंनी मला दट्टे दाखवले. लाकडाचा लांब ठोकळा असतो, त्याला दहा भोकं आणि दहा दट्टे, कुठला जाड, कुठला बारीक. पोर चुकीच्या भोकात घालतं, घालू द्यायचं. शेवटी एक दट्टा हातात उरतो, कशातच बसत नाय, तेव्हा ते थांबतं, बघतं, सगळे काढतं आणि परत लावतं. आपण बोलायचं नाय. ताई बोलायच्या, आपण चूक दाखवली की पोराची नजर दट्ट्यावरनं उठते आणि आपल्या तोंडावर येते, मग ते जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतं.

मला हे इतकं पटलं, इतकं पटलं की मी घरी पण तेच करायला लागली. हे एकदा नवीन कंपनीत मुलाखतीला निघाले, शर्ट उलटा, शिवण बाहेर. मी दारात उभी, पदर तोंडात, म्हटलं दिसेल त्यांचं त्यांना. रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून इज्जत राहिली. आठ दिवस माझ्याशी धड बोलले नायत. सायली हसून हसून लोळली. तेव्हा मला पण हसू यायचं त्याचं.

शाळा वाढली. आधी चौथीपर्यंत, मग सातवीपर्यंत, त्याची कागदं सगळी रीतसर झाली. उल्हासनगरहून सिंधी लोकांची पोरं यायची, व्हॅन भरून. त्यांच्यात एक मोहनशेठ, तिकडे कॅम्प पाच नंबरला कपड्याचं दुकान, त्यांचा पोरगा आणि सायली एकाच वर्गात. ते दर सहा महिन्यांनी फाटकावर मला धरायचे, मावशी, पेपर किधर है, रिझल्ट किधर है, लडका पढता है के खेलता है? मी बोलायची, शेठ, तोच सांगेल तुम्हाला. आणि सातवी झाली की पोरं निघून जायची. एक पोरगी अशीच मोठ्या शाळेत गेलेली, पंधरा दिवसांनी आमच्या फाटकावर उभी, गळ्यात टाय, ताईंच्या कमरेला मिठी मारून रडली, बोलली, ताई, तिकडे उभं राहायला पण विचारावं लागतं. ताईंना ते लागलं. त्याच दिवशी बोलल्या, नंदा, आता एक पण मूल बाहेर जाऊ द्यायचं नाय. आपण हायस्कूल काढू.

हायस्कूल. माझ्या अंगावर काटा आला हो. जे मला वांगणीला मिळालं नाय ते माझ्या पोरीच्या दारात येतंय, आणि ते पण तिच्याच शाळेचं. बदलापूरला नव्या बिल्डिंगीत जागा घेतली, आठवीचा वर्ग काढला, पुढे नववी, दहावी, पहिल्या तुकडीत अकरा पोरं, त्यात सायली. मी माझ्या आईला सांगून आली, पेढे वाटले.

आणि मग ताईंनी शेत घेतलं, भाड्याने. बोलल्या, मोठ्या वयाच्या मुलांना बाकावर कोंडायचं नाय, त्यांना माती पाहिजे, हाताला काम पाहिजे, पिकवायचं, विकायचं, त्यातनं गणित, त्यातनं विज्ञान. आणि शेत कुठे, सांगा कुठे? वांगणीला. माझ्या बाबांच्या शेतापासून दोन बांध सोडून. मला शाळेतनं काढून ज्या चिखलात घातलं त्याच चिखलात माझी पोर शाळेनेच नेऊन उभी केली. मी बांधावर उभी, डबे घेऊन, आणि सायली आवणात, हसतेय, आई बघ माझी ओळ सरळ आली. माझी आई तिकडनं आली बघायला, कमरेवर हात ठेवून बोलली, अगं हे तर आम्ही तुला फुकट शिकवलं होतं. मी हसली. पण ही कसली शाळा, असं मनात आलं. तेव्हाच आलं होतं, काय उपयोग.

कारण नववी-दहावीची मान्यता आलीच नव्हती. ताई बोलायच्या, अर्ज केलाय, येईल. नववी गेली, येईल. दहावी लागली, येईल. गणपतीच्या आधी मोहनशेठ मला फाटकावर बोलले, मावशी, मान्यता नहीं आयी तो सतरा नंबर भरना पडेगा, मॅडम ने भरा क्या? सतरा नंबर म्हणजे बाहेरनं दहावीला बसायचा फॉर्म, त्याला शाळेचा दाखला लागतो. मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली, त्याच्या काचेवरच नोटीस होती, तारखेसकट, मी एक कॉपी काढून आणली.

आता बघा मी काय केलं. मी ती कॉपी ताईंच्या टेबलावर ठेवली. मधोमध, सरळ, चटईवर दट्ट्यांचा ठोकळा ठेवतो तशी. आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, हात मागे. तेरा वर्षं हेच केलं होतं ना मी. ताई आल्या, कागद बघितला, उचलला, खालून शेताची वही काढली आणि कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी मी परत वर ठेवला. त्यांनी त्याच्यावर वाफ्याचा नकाशा काढला, पाठकोऱ्या बाजूला. मी तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. ताई, तारीख चाललीय. तीन शब्द. किंवा सरळ मागायचा, माझ्या सायलीचा दाखला द्या. पण दाखला मागायचा म्हणजे त्यांना तोंडावर सांगायचं, तुमचं चुकलं, माझा भरवसा नाय, आणि ज्या बाईने माझ्या पोरीला बोट धरून मोठं केलं तिला ते सांगायला माझी जीभ उचलेना. आणि खरं सांगू? मला वाटायचं ताईंना नाय दिसणार तर कोणाला दिसणार. दिसेल त्यांचं त्यांना.

तारीख गेली. मग दंड भरून मुदत होती, ती दिवाळीला गेली. जानेवारीत आईबाप शाळेत जमले. मोहनशेठनी पोराचं आधीच कुठेतरी जमवलेलं, त्यांना वाट बघायची सवय नाय, धंद्याचा माणूस. बाकीच्यांनी पण धावपळ करून ओळखी लावल्या, कोण ओपन बोर्डात, कोण गावच्या शाळेत. हातात उरला तो एकच दट्टा, माझी सायली. आम्हाला कोण ओळखतं? मार्चमध्ये अख्खा बुवापाडा पोरांना पेन-पट्टी देऊन पेपरला सोडत होता आणि माझी पोर गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती. शेजारीण विचारते, सायलीचं सेंटर कुठे आलं गं? काय सांगू? मी बोलली, तब्येत बरी नाय तिची. पोरीने ऐकलं ते.

मग मी ताईंकडे गेली. पहिल्यांदा बसायच्या आधी बोलली, ताई, माझ्या पोरीचं वर्ष गेलं. त्या रडल्या. खरं रडल्या, नाटक नाय. आणि रडताना काय बोलल्या माहितीये? नंदा, तुला माहीत होतं, तर तू सांगायचं होतंस गं. मी बोलली, ताई, तुम्हीच माझा हात धरला होता. मी घरी आली आणि भाकऱ्या थापल्या.

हायस्कूल बंद झालं. बदलापूरची जागा गेली, शेत पण सोडलं, तिकडे आता कोणाचातरी स्विमिंग पूल होतोय म्हणे. लहान पोरांची शाळा आहे, मी अजून जाते, नाय जाऊन करू काय? पोरं गोड आहेत, त्यांचा काय दोष. लोकं बोलतात शाप दे तिला. शाप नाय देत मी. तिचं भलं होवो, तिच्या मनात पाप नव्हतं. पण पाप नसलं म्हणून गेलेलं वर्ष परत येत नाय, आणि तिच्या डोळ्यात बघून मला आता बोलता येत नाय, मी चटया झटकते आणि घरी येते.

यंदा सायलीचा सतरा नंबर भरला. पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत, दाखला मी हाताने घेऊन आली. आता ती ओट्याशेजारी बसते, समोर घड्याळ लावून, तीन तासांचा पेपर सोडवते. तिला सवय नाय हो, लिहिता लिहिता थांबते, विचार करत बसते, तिकडे काटा पळतो. मी पोळ्या लाटता लाटता बघत असते. गणित मला सातवीपर्यंतचंच येतं, पण तेवढ्यात दिसलं की लगेच बोट ठेवते, मोठ्याने बोलते, चुकलं. हे चुकलं. खोड.

परवा चिडली माझ्यावर. बोलली, आई, तू गप्प बस ना, माझी चूक मला दिसते.

मी बोलली, तुला दिसते गं बाई. मला पण दिसली होती. दिसून काय झालं? खोड, आणि लिही पुढे.