लाकूडगाडीचा मुकादम

ऐका बाप्पा, शेकोटीजवळ सरका अन् ऐका. चिचगुंड्याच्या जंगलात सागवान वाहायले एका कंपनीनं छोटे रूळ टाकले होते. इंजिन होतं, पण चढावर गाडी माणसंच ढकलायची. चार वर्षं चालली. चारच! पाचव्या पावसाळ्यात नाल्यावरचा पूल भरल्या गाडीसकट कोसळला. मुकादम मेला, सात मजूर मेले. कंपनी रूळ उपटून निघून गेली. मुकादम नाही गेला.

त्या सातांत सोमी मडावीचा बाप होता. सोमी पुढे सुईण झाली. एका रात्री निरोप आला, नाल्यापलीकडे धाकटी बहीण अडली आहे. सडकेनं जावं तर पहाट झाली असती. सोमी निघाली रुळांच्या जुन्या बांधावरून. एकटी!

आधी शिट्टी वाजली. बारीक, लांबून. सोमी चालत राहिली. मंग पायाले गार लोखंड लागलं. रूळ! अहो, उपटून नेलेले रूळ! अन् पुढे ओंडक्यांनी भरलेली गाडी. गाडीवर कंदील घेऊन मुकादम. तोंड नव्हतं त्याले. आवाज होता.

"हात लाव पोरी. ढकल."

ज्यानं हात लावला त्याचा हात सुटत नाही, हे सोमीले ठाऊक होतं.

"नाही लावत!" सोमी म्हणाली.

मुकादम हसला. अन् ओंडक्यांखालून बापाचा आवाज आला, "सोमे, दबलो वं मी. एकडाव ढकल."

काय झालं असंल तिच्या काळजाचं! हात उचललाही तिनं. मंग थांबली. ओरडली, "जीव गेला तरी माहा बाप मले या गाडीले जुंपणार नाही! तू माहा बाप नाहीस!"

तशी गाडी सुटली तिच्या अंगावर! पुढे पूल दिसे, नवाकोरा. पण तो पूल पडलेला सोमीनं लहानपणापासून पाहिला होता. तिनं बांधावरून खाली उडी घेतली, काट्यांत, चिखलात. गाडी डोक्यावरून गेली. पडल्याचा आवाज आलाच नाही.

रक्ताळल्या पायांनी नाला ओलांडून पोचली. बहिणीले पोरगी झाली, दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सोमी कुदळ घेऊन बांधावर गेली. रूळ गेले तरी मातीत राहिलेले दोन सागवानी स्लीपर, रुळांखालचे आडवे ठोकळे, उपसून आणले, फोडले, अन् त्यावर बाळंतिणीचं पाणी तापवलं!

तुम्ही मात्र त्या बांधानं जाऊ नका. उशीर होऊ द्या, सडकेनं जा. अन् अंधारात कोणी म्हटलंच, हात लाव, तर दोन्ही हात कमरेवर ठेवा अन् ठणकावून नाही म्हणा.