उरलेले दोन पेले

वाळवंटाच्या कडेवरच्या मर्झूगा गावात भट्टीसमोर भाकरीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या.

"इत्तो, तुझा भाचा हद्दू वाळवंटाच्या शर्यतीत पहिला होता ना गं?"

"होता. चौथ्या टप्प्यात माझ्या तंबूवरून चालला होता. मी हाक मारली, तर एक पेला चहा घेऊन उठला! तीन झाल्याशिवाय आपल्यात उठतं का कुणी?"

"घाई असेल बिचाऱ्याला."

"कसली डोंबलाची घाई! पुढच्याच टेकडीवर मोटारसायकल वाळूत रुतली. आला पायी परत. म्हणे, 'मावशी, ओढायला उंट दे.'"

"दिलास?"

"दिला की. आधी उरलेले दोन पेले पाजले."

"अगं, आणि शर्यत?"

"दुसऱ्या पेल्याला सगळे पुढे गेले. तिसरा मात्र त्यानं अगदी निवांत घेतला."