जपानच्या कलावंतिणी

सात रस्त्याच्या बसथांब्यावर, सिनेमा पाहून आलेल्या दोघी अजून डोळे पुसत होत्या. बजाबाईंनी सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.

“जुन्या जपानातल्या त्या कलावंतिणी! काय गायच्या, वहिनी! तपश्चर्याच की.”

“लई खानदानी कला. मला रडूच आलं.”

“बरं, तुमच्या अजिंक्यचं जमलं का?”

“मोडलं आम्ही. पोरगी डॉक्टर हाय, पण आजी संगीतबारीत नाचायची. लपवलं होतं त्यांनी.”

“मग कळलं कसं?”

“पोरगी बघायला गेलो, तर आतल्या खोलीत म्हातारी गुणगुणत होती. मग केली चौकशी.”

बजाबाईंनी हळूच विचारलं, “आवाज कसा होता तिचा?”

“गोड होता की. खोटं कशाला बोलू?”

“चुकलंच माजं,” बजाबाई उठत म्हणाल्या. “जपानीत गुणगुणायला पायजे होतं.”