तपासून योग्य आढळले

सायरबाई : “सायर, ज्या कागदाला तुझं नाव लागलं, तो आधी डोळ्यांखालून घाल.” आमच्या साध्वी महासतीजींनी चातुर्मासात मला नियम दिला, तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या. मला वाटलं, चला, सोपा नियम मिळाला; आपलं नाव लागतं कुठं, तर रेशनकार्डाला. वाच शालू पुढं. कुठं होतो आपण?

शालू : आजी, पाया पडते तुमच्या, राहू द्या आता. श्रेणिक सर खाली दुकानात गेलेत. वर आले तर म्हनतील, शालूला पगार टायपिंगचा देतो का प्रवचन वाचायचा?

सायरबाई : त्याला मी सांगते. त्याची आई आहे अजून. त्याच्या संशोधनाच्या अंकाचं तिसरं पान काढ, रुग्णांचं.

शालू : काढते. इंग्रजीत हाय, मी आपल्या भाषेत सांगते. “मधुमेहाचा रुग्ण जमिनीपासून दहा फूट उंचीवर, दोन खांबांच्या मध्ये घट्ट बसवावा.”

सायरबाई : परत वाच.

शालू : परत वाचलं तरी तेच निघतंय, आजी. “पावसाळ्यापूर्वी रुग्णातील तेल तपासावे. कमी असल्यास भरावे.”

सायरबाई : अरिहंता. कुणाच्या घरचा रुग्ण आहे हा?

शालू : कुनाच्याच न्हाई. रुग्ण म्हंजी डीपी. खांबावर विजेची डीपी आसती ना, ती. कालेजातल्या तातेराव सरांनी कुन्या इंजिनिअरिंगवाल्याचा डीपीवरचा लेख आनला आन् म्हनले, शालू, ह्याचे चार कर. एक डीपीचाच ठिवला. दुसऱ्यासाठी कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं डीपी दिसंल तिथं रुग्ण टाक. तिसऱ्यात बँकेचा ग्राहक टाक. चौथ्यात शेततळं. वीज, औषधशास्त्र, वित्त आन् मत्स्यपालन. पाच मिनिटं लागले. सरांनी पेढा दिल्ता मला.

सायरबाई : ग्राहकाचं काय केलं?

शालू : “ग्राहकातून घरघर असा आवाज येऊ लागल्यास त्याचा पुरवठा ताबडतोब बंद करावा.” हे बाकी बराबर लिवलंय. आमच्या जाफराबादच्या बँकेत तसंच करतेत.

सायरबाई : हसवू नको गं. आज एकासणं आहे माझं, एकदाच जेवायचं, अजून पोटात काही नाही. हसलं की दुखतं. शेततळ्याचं वाच. फोन त्याच्यावरूनच आला होता.

शालू : “शेततळ्यात दोन किलो निळे खडे टाकावेत. खड्यांचा रंग गुलाबी होताच ते बदलावेत. असे केल्याने मासे जगण्याचे प्रमाण दुप्पट झाले.” आजी, हे खडे डीपीच्या बरनीतले हायेत. हवेतली ओल खातेत. ओल खाऊन खाऊन गुलाबी झाले की वायरमन नवे भरतो.

सायरबाई : आणि पाण्यात टाकले तर?

शालू : पान्यात काय, लगेच गुलाबी. मंग बदला. ते बी गुलाबी. मंग परत बदला. आमचा भिवा वायरमन ते खडे हातात घेतले की दोनदा साबन लावतो, मंग भाकरीला शिवतो. म्हनतो, जहर हाय त्या रंगात.

(श्रेणिक जिना चढून ऑफिसात येतो.)

श्रेणिक : मम्मी, तू इथं? गुडघे दुखतात म्हणून जैन स्थानकात प्रवचनाला खुर्ची मागतेस, आणि हे दोन जिने चढलीस?

सायरबाई : तुझा अंक वाचत होते बेटा.

श्रेणिक : कशाला?

सायरबाई : समीक्षक आहे ना मी. डॉक्टर सायरबाई, मत्स्यविज्ञान.

श्रेणिक : तुला विचारूनच नाव घातलं होतं.

सायरबाई : विचारलं होतंस. म्हणालास, लग्नाच्या पत्रिकेत मोठ्यांची नावं घालतात, तसं समज. मी म्हटलं, घाल. कुणाचं लग्न ते विचारायला पाहिजे होतं.

श्रेणिक : शालू, काय वाचून दाखवलंस हिला?

शालू : सर, आजी म्हनल्या म्हनून...

सायरबाई : तिला बोलू नको. तू माझ्याशी बोल. समीक्षकाचा म्हणून घरातल्या फोनचा नंबर छापलास. काल दुपारी मी सामायिकाला बसणार, तेवढ्यात धावड्याहून फोन. धर्मराज नाव त्यांचं. म्हणाले, डॉक्टरीणबाई, तुमचा लेख वाचून निळ्या खड्यांचं पोतं आणलंय. आधी बादलीत टाकून बघितले, तर टाकल्या टाकल्या गुलाबी. आता तळ्यात टाकायचे आणि लगेच उपसायचे, असं दिवसभर करत बसू का?

श्रेणिक : त्याच्यापर्यंत लेख गेला कसा?

शालू : मच्छिंद्रनं काढून दिला आसंल. धावड्याला तो ऑनलाईन फॉर्म भरून देतो. सर, मराठीत सारांश टाकायला तुमीच तर लावता.

श्रेणिक : मराठी सारांश ही आपल्या नियतकालिकाची खास ओळख आहे. संशोधन सामान्य माणसापर्यंत पोचलं पाहिजे.

सायरबाई : पोचलं.

श्रेणिक : बरं, मग त्याला सांगून टाकायचं ना, टाकू नका म्हणून.

सायरबाई : सांगितलं. तर म्हणाले, “बाई, कागदावर नाव तुमचं. खाली ‘तपासून योग्य आढळले’ हे बी तुमचंच. आन् आता तुमीच म्हनता टाकू नका. मी कागदाचं धरू का फोनचं? फोनवर काय, कुनीबी बोलतं. परवा एक बाई म्हनली बँकेतून बोलते.” काय चुकलं त्यांचं? म्हणाले, लेखी द्या, मग मानतो. आज तीन वाजता नारळ फोडून खडे टाकणार आहेत. बांधाला लागून दोघांची तळी आहेत, तेही बघायला येणार. चांगलं झालं तर उद्या त्यांच्याही तळ्यात.

श्रेणिक : मग?

सायरबाई : मग काय. मी म्हटलं, तीनच्या आत येते, लेखी घेऊन. शब्द दिला मी.

श्रेणिक : मम्मी, तू धावड्याला जाणार? ह्या उन्हात? मासे बघायला? घरात माशाचं चित्र असलेलं कॅलेंडर तू लावू देत नाहीस.

सायरबाई : ते कॅलेंडर माझ्या सहीचं नव्हतं.

श्रेणिक : हे बघ, शांतपणे ऐक. बुधवारी आपल्या अंकांची तपासणी आहे. पास झालो तर मान्यतेच्या यादीत नाव येतं. सोमवारी तातेराव सरांची प्रमोशनची मुलाखत. आत्ता कुणाच्या हातात असा कागद पडला की समीक्षकच म्हणते लेख खोटा, तर ते गेले आणि मीही गेलो. दहा दिवस दे मला. दहा दिवसांनी तो लेख मी गुपचूप काढून टाकतो, कुणाला पत्ता लागणार नाही.

सायरबाई : माशांना कोण सांगेल, दहा दिवस दम धरा म्हणून?

श्रेणिक : अगं, हे लेख कुणी वाचत नाही. लिहिणारा वाचत नाही, छापणारा वाचत नाही. प्रमोशन देणारा नुसते लेख किती ते बघतो. सगळ्यांना माहीत आहे हे. कुणाचं नुकसान नाही यात.

सायरबाई : धर्मराजनी वाचला.

श्रेणिक : त्यानं वाचायला नको होता.

शालू : सर, ह्या लेखाला दुसरे समीक्षक बी हायेत ना? त्यांना पाठवू धावड्याला. पुरुष मानूस हाय, झटकन जाऊन येतील.

सायरबाई : कोण गं दुसरे?

शालू : डॉक्टर गिरधारीलाल.

सायरबाई : श्रेणिक.

श्रेणिक : दोन नावं लागतातच मम्मी. आयत्या वेळी कुणाला विचारत बसू?

सायरबाई : तुझ्या पप्पांना जाऊन चार वर्षं झाली.

श्रेणिक : म्हणून तर त्यांचं घातलं. ते नाही म्हणणार नव्हते.

शालू : अगं बाई. आजी, मला खरंच ठावं नव्हतं. मी तर म्हनायचे, हे सर लय कडक हायेत. दर लेखात दोन दुरुस्त्या काढतेत.

सायरबाई : तेवढं मात्र त्यांच्यासारखं आहे. माझ्या वरणातही काढायचे.

श्रेणिक : चुकलं माझं. त्यांचं नाव काढतो. तुझंही काढतो, आत्ताच्या आत्ता. शालू, कॉम्प्युटरला सांग, जिथं सायरबाई दिसेल तिथं रुचि टाक.

शालू : वहिनींना विचारलं का पन?

सायरबाई : म्हणजे पुढचा फोन सुनेनं उचलायचा. आणि धावड्याला जो कागद छापून गेलाय, त्याच्यावर तुझा कॉम्प्युटर कसा हात फिरवणार?

श्रेणिक : मम्मी, एक विचारू? रागावू नको. हे मासे वाचले समज. सहा महिन्यांनी धर्मराज जाळं टाकणार, टोपल्यात भरून भोकरदनच्या बाजारात नेणार. कुणाच्या तरी कढईत जाणारच ते. मग आज जाऊन तू वाचवणार काय?

सायरबाई : हा विचार काल रात्रभर मीच केला. तुला आत्ता सुचला.

श्रेणिक : मग?

सायरबाई : त्यांनी जाळं टाकलं तर ते त्यांचं. त्यांची रीत वेगळी, त्यांच्या बांधावर जाऊन मी प्रवचन देणार नाही. पण आज तीन वाजता जे मरतील, ते माझ्या नावानं मरतील. आणि माणूस नारळ फोडून, हात जोडून मारणार त्यांना, औषध देतोय असं समजून. तेवढं माझं आहे बेटा.

श्रेणिक : आणि मी? मी तुझा कुणी नाही? सहा वर्षं घातली मी यात. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येत नव्हतं, तेव्हा ह्याच अंकानं घर चाललं. तुझी आयंबिलाची व्रतं, त्यांची पारणी, सगळं.

सायरबाई : माहीत आहे. म्हणून कागद लिहायला मला सकाळपासून चार वेळा बसावं लागलं. हे बघ. तुझं नाव नाही घातलं त्यात. वाच.

श्रेणिक : “मी डॉक्टर नाही. सातवी शिकले आहे. हा लेख न वाचता त्याला माझं नाव लागलं, ही माझी चूक. यातले निळे खडे विजेच्या डीपीचे आहेत, तळ्याचे नाहीत. तळ्यात टाकू नका, शेजाऱ्यांनाही सांगा. आपल्याला त्रास झाला, त्याची हात जोडून क्षमा मागते.” ... क्षमा तू कशाला मागतेस?

सायरबाई : तू संवत्सरीला फोनवरून तीनशे लोकांना पाठवतोस ना, मिच्छामि दुक्कडम्, फुलांचं चित्र लावून? त्या तीनशेत धर्मराज नव्हते. ते राहून गेले होते, तेवढं मी पुरं करते.

श्रेणिक : हा कागद तपासणीवाल्यांपर्यंत गेला तर?

सायरबाई : गेला तर ते वाचतील. तुझ्याच बोलण्याप्रमाणे, कुणी वाचत तर नाही.

शालू : आजी, मी म्हनते, कागदावर शिक्का आसता तर बरं झालं आसतं. गावात शिक्क्याबिगर कुनी मानत न्हाई.

श्रेणिक : शिक्का मी देणार नाही. मम्मी, माफ कर. तेवढं नाही होणार माझ्याच्यानं.

सायरबाई : मागितला कुणी? त्या लेखाला दोन शिक्के होते.

शालू : जालन्याहून साडेदहाची भोकरदन गाडी हाय. तिथून धावड्याची जीप. पन ती फाट्यावर सोडती, तळं तिथून लांब हाय, ढेकळातून चालावं लागतं. मी येते संगं.

सायरबाई : तू राहा. आज तुझा पगार कापायला ह्याला कारण देऊ नको.

श्रेणिक : मी गाडी काढतो. धावड्यापर्यंत सोडतो तुला. मी खाली उतरणार नाही, पण सोडतो.

सायरबाई : नको बेटा. तुझ्या गाडीच्या काचेवर ‘मुख्य संपादक’ लिहिलंय. धर्मराज काच बघतील आणि माझा कागद न वाचताच खिशात घालतील.

श्रेणिक : सूर्यास्ताच्या आत परत नाही येणार तू. तुझं एकासणं आहे, जेवायची कधी?

सायरबाई : आले तर जेवेन. नाही आले तर उपास झाला म्हणायचा. रुचिला सांग, पाणी उकळून ठेव, थांबून मात्र राहू नको.

श्रेणिक : आणि तिथं गेल्यावर? ते तुला ओळखत नाहीत. दारात एक म्हातारी बाई उभी, घामानं भिजलेली. विचारतील, तुम्ही कोण. काय सांगशील?

सायरबाई : सांगेन, ज्या बाईचं नाव वाचून तुम्ही पोतं आणलंत, ती मी. शालू, माझ्या चपला खालच्या जिन्यात राहिल्यात का, बघ जरा.