गॅलरीचा कठडा कोणी बसवला, याबाबत पुरवणी जबाब

नाव व पत्ता कालच्या जबाबात आहे तोच. वय ६३ वर्षे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवरून सेवानिवृत्त.

मी आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो, की माझा कालचा जबाब एका बाबतीत खोटा आहे.

निवृत्तीनंतर आम्ही सध्याचे जुने घर विकत घेतले. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा गंजलेला होता. माझे जावई लोखंडी जाळ्या, दरवाजे बसवण्याचा व्यवसाय करतात. ते म्हणाले, "बाबा, बाहेरचा माणूस कशाला? मी आहे ना." त्यांनी नवा कठडा बसवला. मी हात टेकला तर तो हलला. बोल्ट वरच्या गिलाव्यातच राहिले होते, आत भिंतीत गेलेच नव्हते. जावई समोर उभे होते. मी म्हणालो, "वा! घराला शोभा आली."

त्यानंतर पत्नी सारखी म्हणायची, "अहो, एकदा सांगून टाका ना त्यांना." मी म्हणायचो, "जावयाच्या कामाला नावं ठेवायची? मुलगी दिलीय आपण त्यांना." मी कठडा तारेने खिडकीच्या गजाला बांधला. जावई यायचे असले की तार सोडून ठेवायचो, त्यांना दिसायला नको म्हणून. लोकांच्या तक्रारी ऐकण्यात सगळी हयात गेली आणि घरची एक तक्रार तोंडातून निघेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही.

परवा मुलगी व जावई येणार होते. मी तार सोडली. पत्नी चादर झटकायला गॅलरीत गेली आणि कठड्यासकट खाली शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली. तिचे खुब्याचे हाड मोडले आहे. तार सोडल्याचे मी तिला सांगितले नव्हते.

काल इस्पितळात हवालदारांनी विचारले, काम कोणी केले? जावई औषधे आणायला खाली गेले होते. माझ्या तोंडून एका वेल्डरचे नाव निघाले. हे वेल्डर आमच्याकडे फक्त मागच्या दाराची कडी बसवायला आले होते. कठड्याला त्यांनी बोटही लावलेले नाही. कालपासून त्यांना इथे बसवून ठेवले आहे.

आज सकाळी वेल्डरांच्या पत्नी इस्पितळात आल्या. मला वाटले, आता चार शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, कडी नीट लागत नाही का? ते दुसरी बसवून देतील हो. पण त्यांना सोडवा." नवऱ्याला कशासाठी नेले हेसुद्धा त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी जावयांना फोन करून ठाण्यात बोलावले व तसाच इकडे निघालो.

वेल्डरांचा या प्रकाराशी काही संबंध नाही. त्यांना सोडावे. कठडा जावयांनी बसवला, पण तो हलतो हे त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते.

हा जबाब माझ्याच विनंतीवरून जावई व वेल्डर या दोघांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. जावई म्हणाले, "बाबा, एक फोन करायचा होता. मी त्याच दिवशी येऊन काढून दुसरा बसवला असता." हे वाक्यही मी सांगितले म्हणून लिहिले आहे. सर्व मजकूर मी ऐकला. बरोबर आहे.