पूर्वेकडं तोंड असलेली गाडी

आम्ही मूळचे तिकडचे, महाराष्ट्रातले, जळगावकडचे, माझे बाबा कागदाच्या मिलमधी लागले अन तिथून आमचं मध्यप्रदेश झालं, मी जन्मली ते मिलच्या क्वार्टरमधीच. बाबानं एकाच मशीनवर अख्खी नोकरी काढली, एकाच, सुट्टीच्या दिवशी बी कान तिकडंच, आवाज जरा बदलला की चहा तसाच टाकून उठायचे. अन त्याईची पोरगी मी, मले एका जागी बसवतच नाही. शाळेत बाई म्हनायच्या उज्वला, खाली बस. लगन होऊन बुऱ्हानपुरात आली त सासू म्हने सूनबाई, जरा टेक की, घर पळून चाललं का. काय सांगू तुम्हाले, माझे पायच तसे हायेत.

कारच्या शोरूममधी लागली ते बी असंच, नवऱ्याच्या ओळखीनं. पहिलं काम रिसेप्शनचं, आलेल्याले पानी द्यायचं, नाव-गाव लिहून घ्यायचं, अन काचेच्या दारातून दिवसभर रस्ता पाहायचा. एक वर्षात जीव उबला. मंग फोनवर बसवलं, नमस्कार सर, आपल्या गाडीची सर्विस आली हाय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच, झोपेत बी नमस्कार सर म्हनायची मी, नवरा हसायचा. मंग आमच्या यार्डातले रफिकभाई, जे गाड्या इकडून तिकडं लावतात, त्याईच्या मागं लागली की भाई मले चालवायले शिकवा. म्हने बहनजी, दोन दिवसात छोडोगी. नाही सोडली. लायसन काढलं, टेस्ट ड्राइव्हले जाऊ लागली, मंग सेल्समधी घेतलं. मॅनेजर साहेब म्हनायचे उज्वला, तुझं कार्ड छापावं त त्याच्यावर पद काय लिहू, शाई वाळत नाही तोवर तू दुसऱ्या टेबलावर. बाबा फोनवर विचारायचे, बेटा, आता कोनत्या खात्यात हायेस, अन मी सांगितलं की म्हनायचे, परत बदललं का. त्याईले वाटायचं पोरगी कुठंच टिकत नाही.

मंग डिलिव्हरीचं काम मिळालं अन मले वाटलं हे आपलं. त्याच्यात बसनंच नाही ना. गाडी धुऊन आली का, मॅट टाकली का, रिबिन, हार, पेढे, फोटो. अन सगळ्यात मोठं काम म्हनजे चॅसिस नंबर पाहनं, मतलब गाडीच्या पत्र्यावर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर, तो कागदाशी अन विम्याशी मिळवायचा, मंगच चाबी द्यायची. इकडं लोकं गाडी अशीच नेत नाहीत, तुम्हाले माहीतच हाय, हळद-कुंकू पाह्यजे, बोनटवर साथिया म्हनजे कुंकवाचं स्वस्तिक पाह्यजे, चाकाखाली लिंबू, अन नारळ. अन मुहूर्त. मुहूर्ताच्या दिवशी आमच्या इथं लग्नघरासारखी गर्दी, सगळ्याईले त्याच दोन तासात गाडी पाह्यजे.

त्या दिवशी दसरा व्हता. तुकईथडची एक मंडळी आली, केळीवाले, चांगले दहा-बारा जन, अन सगळ्याईच्या पुढं त्याईच्या आजी, गंगूआजी, नऊवारी, हातात पूजेचं ताट. त्याईची पांढरी गाडी मी तयार ठेवलेली, धुतलेली, नंबर मिळवलेला, सगळं बरोबर. आजीनं पाह्यलं अन म्हने, बाई, हिचं तोंड त पश्चिमेले हाय. मी म्हटलं आजी, दार तिकडंच हाय. म्हने दार तुमचं, गाडी आमची, पूर्वेकडं तोंड केल्याशिवाय मी कुंकू लावत नाही. अन राहुकाळ लागायले दहा मिनिटं. मी रफिकभाईले वरडून सांगितलं की फिरवा, अन मी पेढ्याचा डबा आनायले पळाली. परत आली त पूर्वेकडं तोंड केलेली पांढरी गाडी उभी, आजीनं साथिया काढायले घेतलेला. मी रिबिन बांधली, चाबी दिली, फोटो काढला. नंबर पाह्यला नाही. एकदा पाह्यला व्हता ना, असं मनात आलं. नारळ फुटला, लिंबू चिरडलं, गाडी गेली.

अर्ध्या तासानं सिंधीपुऱ्याच्या शाळेतल्या एक मॅडम आल्या, एकट्याच, ना हार ना नारळ, त्याईची बी पांढरी, तेच मॉडेल. मी फाइल घेऊन गाडीजवळ गेली, नंबर वाचला, परत वाचला. ही त आजीची गाडी. गर्दीत फिरवायले जागा नव्हती, म्हनून भिंतीकडची मॅडमची गाडी जी आधीच पूर्वेकडं तोंड करून उभी व्हती, तीच पुढं घेतली गेली. दोघीच्या बी नंबर प्लेटा अजून यायच्या व्हत्या, मंग ओळखायचं कशावरून. रफिकभाईले मी फिरवा म्हटलं, कोनती ते कुठं म्हटलं. चूक माझी व्हती, त्याईची नाही.

मॅनेजर साहेबाईले केबिनमधी सांगितलं. ते म्हने बस. मंग म्हने हे पाह, दोन्ही गाड्या सारख्या, रंग सारखा, कोनाले कळते. पूजा झालेली गाडी परत मागितली त ते लोकं शोरूम डोक्यावर घेतील. प्लेटा आल्या की बसवून टाकू, तू गप बस. मी म्हटलं साहेब, उद्या कुठं धडक झाली अन विमावाल्यानं पत्र्यावरचा नंबर पाह्यला, मंग. म्हने होईल तेव्हा पाहू. अन उज्वला, हे बाहेर गेलं त तुझी नोकरी मी वाचवू शकत नाही, हे ध्यानात ठेव.

मी बसली. खरं सांगते, पाच मिनिटं बसली त्या खुर्चीत. नोकरी मले पाह्यजे व्हती, खूप पाह्यजे व्हती, आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम अंगाले बसलं व्हतं. अन डोळ्यासमोर ते दहा-बारा जन, त्याईची लेकरं मागच्या सीटवर. उठली, सीधी मॅडमजवळ गेली, अन सगळं सांगून टाकलं, साहेब काचेतून पाहत व्हते. मॅडम चष्मा काढून म्हने, बेटा, मी रोल नंबर पाहल्याशिवाय पेपरले हात लावत नाही, तू गाडी कशी दिली. मंग म्हने जा, मी बसते इथंच, चहा सांग.

रफिकभाई अन मी, आजीची खरी गाडी घेऊन निघालो. त्या मंडळीले फोन लावला त म्हने आम्ही देडतलाईले पोरीकडं पेढे द्यायले थांबलो. तिथं पोचली त अंगनात गाडी, तिच्याभोवती अर्धं गाव, साथिया ताजा. मी आजीच्या पाया पडली अन सांगितलं. लेक भडकला त्याईचा, म्हने पूजलेली गाडी कोनी परत देते का, अपशकुन हाय हा, आम्हाले कोनतीच गाडी नको. मी मान खाली घालून उभी. आजी उठल्या, एका गाडीजवळ गेल्या, मंग दुसरीजवळ. मंग म्हने, तिचं कुंकू पुसू नका रे, त्या मास्तरीनबाईच्या गाडीले कोनी लावलं नसतं, लागलं त लागलं. आपली आता आली हाय, हिले नव्यानं पूजू. अन नारळ माझ्या हातात दिला. म्हने तुझ्या हातून चुकलं, तुझ्याच हातानं फोड.

आता आमच्यात बायका नारळ फोडत नाहीत, भाऊ. मी लेकाकडं पाह्यलं. आजी म्हने त्याच्याकडं काय पाहते, खरं सांगायले तू आली, तो आला व्हता का. मी फोडला. एका घावात फुटला. अन मी रडली, तिथंच, सगळ्याईसमोर.

मॅडमची गाडी कुंकवासकट परत आनून त्याईले दिली. नोकरी गेली नाही, पन डिलिव्हरी गेली. मले सर्विसच्या काउंटरवर टाकलं, गाडीत काय आवाज येतो ते ऐकायचं अन लिहून द्यायचं. साहेबाईले वाटलं शिक्षा हाय. दोन वर्षं केलं ते, बाबासारखं मशीनचं ऐकायले शिकली. बाबाले सांगितलं त पहिल्यांदा खूश झाले, म्हने आता आवाजाकडं ध्यान दे. मंग नवीन मॅनेजर आले अन मले परत डिलिव्हरीले बोलावलं. मी म्हटलं येते, पन एक गोष्ट, पूजेआधी नंबर मी मोठ्यानं वाचीन, घरच्याईसमोर, कागद त्याईच्या हातात, पत्रा माझ्यासमोर.

आता काय झालं माहीत हाय का. मी वाकून शेवटचे पाच आकडे वाचते अन लोकं हात जोडून उभे राहतात. चपला काढतात. एक बाबा त परवा म्हने, मॅडम, आमच्या पाहुन्याच्या गाडीले तुम्ही पाच वाचले व्हते, आम्हाले बी पाचच वाचा, कमी नको. कोनाले सांगू की हा मंत्र नाही, माझी चूक हाय. सांगत नाही. वाचते.

गंगूआजी मागच्या साली गेल्या. त्याईची गाडी अजून येते सर्विसले, मी धुवायवाल्याले सांगून ठेवलं हाय, बोनट हलक्या हातानं पुस. अन पाय माझे अजून तसेच, आता तिकडं नवीन बॅटरीच्या गाड्यांचं खातं उघडते म्हनतात, मन तिकडं चाललं हाय, बाबा म्हनतात बस कर. पाहू. तुमचं भलं होवो, भाऊ, देवानं दिलं अन गाडी घेतली त या, तोंड कोनत्या बी दिशेले करा, नंबर मी वाचीन.